सी८चा उंट : डी४ला बचाव बसवण्याच्या नोंदी (सोलापूर, नोव्हेंबर–डिसेंबर २०२४)

बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना समोरून वजिराचं प्यादं आलं (डी४) की मी हरायचे. ऑगस्टमधल्या स्पर्धेत असे तीन डाव गेले. दिवाळीनंतर ठरवलं की वर्षअखेरच्या खुल्या स्पर्धेआधी एकच बचाव नीट बसवायचा आणि रोजच्या रोज लिहून ठेवायचं. माझ्यासारखी नोकरी सांभाळून खेळणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून चुका, पैसे आणि वाया गेलेले दिवस सगळं तसंच ठेवलं आहे.

खुणा अशा : रा राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. × म्हणजे मारलं. प्याद्याला खूण नाही. घराचं नाव म्हणजे उभ्या पट्टीचं अक्षर (ए ते एच) आणि आडव्या रांगेचा आकडा (१ ते ८). दोन अक्षरं असली तर पहिलं अक्षर मोहरं कुठल्या पट्टीवरून निघालं ते सांगतं, जसं घो बीडी७. + म्हणजे शह, ०-० म्हणजे कॅसलिंग, राजा आणि हत्तीची जोडखेळी.

१० नोव्हेंबर, रविवार

आधी एक खर्च लिहून टाकते. सप्टेंबरमध्ये १,४९९ रुपयांचा एक व्हिडिओ कोर्स घेतला होता, किंग्ज इंडियनचा. चौदा तासांपैकी पाच तास पाहिले. त्या बचावात काळा आधी मध्य सोडून देतो आणि मग त्यावर हल्ला चढवतो. माझा स्वभाव तसा नाही, मला मधलं घर हातात लागतं. पैसे गेले.

आता क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, म्हणजे पांढऱ्यानं देऊ केलेलं सी४चं प्यादं लगेच न घेणं, आणि त्यातला जुना ऑर्थोडॉक्स बचाव. निवडायचं कारण ब्युनॉस आयर्स, १९२७. कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत ३४ डाव झाले आणि त्यातले ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डचे होते. २५ डाव बरोबरीत सुटले. दोघेही दोन्ही बाजूंनी हाच बचाव खेळत होते, तेव्हा तो सहजासहजी मोडणारा नसणार.

याच सुरुवातीतला दुसरा प्रकार, लास्करचा बचावही डोळ्यांसमोर होता. ११ मे २०१० ला सोफियात टोपालोवविरुद्धच्या बाराव्या, शेवटच्या डावात आनंदनं काळ्यानं तोच खेळून जगज्जेतेपद राखलं. पण त्यात एच६ केल्यावर पांढऱ्यानं उंटानं एफ६चा घोडा मारला तर वेगळंच प्रकरण अभ्यासायला लागतं. सात आठवड्यांत दोन प्रकरणं होणार नाहीत. म्हणून एच६ नाही, घो बीडी७.

१२ नोव्हेंबर

विनाइलचा गुंडाळायचा पट आणि सोंगट्या ५५० रुपये. वापरलेलं डिजिटल घड्याळ १,१००. दोनशे पानी वही ६०. जुन्या डावांच्या प्रिंट १३०, नवी पेठेतून. घड्याळाचं डावीकडचं बटण जोरात दाबावं लागतं, बाकी ठीक आहे.

सरावाला शेजारचे अण्णा. जुनी मिल बंद पडेपर्यंत तिथे कामाला होते. वय ७६. ते लहानपणी देशी पद्धतीनं शिकले, म्हणजे प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालणार, आणि कॅसलिंगऐवजी राजाला शह लागण्याआधी एकदा घोड्यासारखी उडी. आता ते आपल्या नियमांनी खेळतात, पण नजर तीच जुनी. मीर सुलतान खानही हिंदुस्थानी नियमांवरच वाढले होते आणि १९२९, १९३२, १९३३ असं तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन गेले. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग? बुद्धी काय नियमावर चालती का पोरी?"

१७ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस पाठांतर केलं. मुख्य ओळ अशी :

१. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घो सी३ घो एफ६ ४. उं जी५ उं ई७ ५. ई३ ०-० ६. घो एफ३ घो बीडी७ ७. ह सी१ सी६ ८. उं डी३ डी×सी४ ९. उं×सी४ घो डी५ १०. उं×ई७ व×ई७ ११. ०-० घो×सी३ १२. ह×सी३ ई५.

ही कापाब्लांकाची सुटकेची पद्धत. काळ्याला जागा कमी असते, म्हणून दोन मोहरी बदलून घ्यायची आणि मग ई५ करून सी८च्या उंटाला वाट द्यायची. या बचावाचं सगळं दुखणं त्या एका उंटात आहे. दुसऱ्याच खेळीला आपण ई६ करतो आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतो.

बारा खेळ्या झोपेतही म्हणता येत होत्या. आज अण्णांनी आठव्या खेळीला उंट हलवलाच नाही, वजीर सी२ला नेला. माझा हात पाठांतराप्रमाणे डी×सी४वर गेला. त्यांनी उंटानं एका झटक्यात सी४चं प्यादं घेतलं. आधी डी३, मग सी४ अशा दोन खेळ्यांत जे व्हायचं ते एका खेळीत झालं आणि माझी एक खेळी फुकट गेली. पुढे अठ्ठावीस खेळ्यांत हरले. उंट शेवटपर्यंत सी८वर.

दुरुस्ती : डी×सी४ फक्त पांढऱ्याचा उंट एकदा हलल्यावरच. तो थांबला तर आपणही थांबायचं. व सी२ला ए६ करायचं, म्हणजे पुढे सी४वर मारून बी५ करता येतं. आजपासून प्रत्येक खेळीसमोर वहीत एक वाक्य लिहायचं, 'ही आत्ताच का?' ज्या खेळीसमोर वाक्य सुचणार नाही ती मला येत नाही असं समजायचं. बारांपैकी पाच रिकाम्या राहिल्या.

२० नोव्हेंबर, बुधवार (मतदानाची सुट्टी)

सकाळी मतदान करून आले आणि दिवसभर पट मांडून बसले. पण आधी एक कबुली. १८ आणि १९ च्या दोन्ही संध्याकाळी एलिफंट ट्रॅपवर घालवल्या. चौथ्या खेळीला उं ई७ऐवजी घो बीडी७ करायचं. पांढऱ्यानं ५. सी×डी५ ई×डी५ ६. घो×डी५ असं हावरेपणानं मारलं, की आपण घो×डी५ करून वजीर देऊन टाकायचा. तो उं×डी८ मारतो, आपण उं बी४ शह देतो. त्याला वजीर मध्ये घालावाच लागतो आणि सगळा हिशेब होऊन आपल्याकडे एक मोहरं जास्त उरतं. फार देखणं आहे. मी पाच जणांवर टाकून बघितलं, ऑनलाइन आणि गल्लीत मिळून. एकानंही डी५वर घोडा मारला नाही.

सापळा पाठ असावा, पण तो शिकायला पंधरा मिनिटं पुरतात. मी पाच तास दिले.

आज रिकाम्या पाचपैकी तीन वाक्यं भरली.

२४ नोव्हेंबर, रविवार

मोठा झटका. भाचा सुट्टीला आलाय, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं सातव्या खेळीला सी×डी५ मारून टाकलं. मी ई×डी५ केलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, उंटाची वाट उघडली. त्यानं सावकाश हत्ती बी१ला आणला, बी४, मग बी५. माझ्या सी६ प्याद्यावर मारलं, मी बी प्याद्यानं परत मारलं, आणि ते सी६चं प्यादं एकटं पडलं. दोन हत्ती आणि वजीर त्याच्यावर लावून त्यानं ते चाळिसाव्या खेळीला काढलं. त्या बाजूला त्याची दोन प्यादी, माझी तीन, आणि तरी धक्का त्याचाच.

हा अल्पसंख्येचा हल्ला. माझ्या वहीत त्यावर एक ओळही नव्हती, कारण मी गृहीत धरलं होतं की सगळे मुख्य ओळीतच येतील.

२७ नोव्हेंबर

कामावरून येऊन सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला तिसरा डाव पाहिला. गुकेश पांढऱ्यानं, डिंग लिरेन काळ्यानं, आणि चौथ्याच खेळीला गुकेशनं सी×डी५ केलं! हाच एक्स्चेंज प्रकार. गुकेश जिंकला. काळ्याचा उंट लवकर बाहेर येऊन पुढे अडचणीत सापडला. म्हणजे माझ्या डोक्यातलं 'उंट सुटला की झालं' हे अर्धंच होतं. सुटून कुठे जाणार हेही ठरलेलं हवं.

१ डिसेंबर, रविवार

एक्स्चेंजवर उपाय, तीन संध्याकाळ घासून :

पांढऱ्यानं मारल्यावर ह ई८, घो एफ८, सी६. घाई नाही. मग संधी मिळताच घो ई४, म्हणजे दोन मोहरी बदलली जातात आणि राजाच्या बाजूला आपल्याला काहीतरी काम राहतं. तो बी५वर आला की शक्य तिथे सी५नं बाजूनं निघून जायचं. मारामारीनंतर डी५चं प्यादं एकटं राहील, पण त्या बदल्यात मोहरी मोकळी होतात. सी६वर बसून मार खाण्यापेक्षा ते मला चालतं. भाच्याशी फोनवरून चार डाव झाले, दोन हरले, एक बरोबरी, एक जिंकले. पुरे.

५ डिसेंबर

कारखान्यात कंटेनर भरायचा होता. टॉवेलच्या गाठी मोजून रात्री दहाला घरी. पट उघडला नाही. ३ आणि ४ तारखेलाही नाही.

८ डिसेंबर, रविवार

अण्णांशी तीन डाव, अंगणात. पलीकडे मागांचा खडखडाट, त्याची आता सवय झाली आहे.

दुसऱ्या डावात मोठी चूक केली, ती मुद्दाम लिहिते. अकराव्या खेळीला त्यांनी कॅसलिंग केलं आणि मी घो×सी३ विसरून थेट ई५ केलं. त्यांनी घो×डी५ मारलं, मी सी×डी५ मारलं, त्यांनी उंटानं डी५चं प्यादं उचललं. एक प्यादं गेलं आणि त्यांचा उंट पटाच्या मधोमध जाऊन बसला. क्रमातली एक खेळी मागेपुढे झाली तेवढ्यानं. वहीत त्या खेळीसमोर मी वाक्य लिहिलं होतं, 'घोडे बदलायचे.' कशासाठी ते लिहिलं नव्हतं. आता लिहिलं, 'डी५वरची मारामारी आधी संपवायची, मगच ई५.'

तिसऱ्या डावात त्यांनी अकराव्याला घो ई४ खेळून बघितलं. ही अलेखिनची खेळी. बदल टाळायचा, म्हणजे काळा गुदमरलेला राहतो. माझा घोडा डी५वरून परत एफ६ला. बरोबरी.

रिकामी जागा आता एकही नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार, घरात पूजा, आणि मी कोपऱ्यात मोबाईल घेऊन सिंगापूरचा चौदावा डाव बघत. एक हत्ती, एक उंट आणि गुकेशकडे एक प्यादं जास्त. दोन्ही उंट एकाच रंगाच्या घरांवरचे. सगळे बरोबरी म्हणत होते. ५५ व्या खेळीला डिंगनं ह एफ२ केलं. हत्ती बदलले गेले, गुकेशनं उं डी५ करून उंट समोर आणला, तेही बदलले गेले आणि उरलेला राजा-प्याद्यांचा डाव पांढऱ्याला, म्हणजे डिंगला, हरलेला होता. ७½–६½. अठराव्या वर्षी जगज्जेता. आमच्या घरात आरती आणि टाळ्या एकदमच झाल्या.

रात्री झोप लागेना म्हणून पट काढला. या बचावात मोहरी भराभर बदलली जातात आणि शेवटी एकेक उंट उरणं अगदी शक्य आहे. त्याचा मी एक दिवसही सराव केला नव्हता! त्या रात्रीपासून रोज अर्धा तास फक्त उंटांचे शेवट. दोन गोष्टी घोटल्या. एक, आपला उंट ज्या रंगावर चालतो त्याच्या विरुद्ध रंगाच्या घरांवर आपली प्यादी. दोन, उंट बदलायच्या आधी मागे उरणारा राजा-प्याद्यांचा डाव शेवटपर्यंत मोजायचा. मोजता आला नाही तर बदलायचा नाही.

१५ डिसेंबर, रविवार

शहरातल्या एका छोट्या स्पर्धेत सरावाला गेले. एका डावात तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार होती, मला बरोबरी हवी होती. मी खेळी केली, घड्याळ दाबलं आणि मग पंचांना हाक मारली. त्यांनी मागणी नाकारली आणि ते बरोबर होतं. खेळी करून घड्याळ दाबल्यावर हक्क समोरच्याचा. त्याला बरोबरी नको होती, त्यानं वेगळी खेळी केली आणि मी पुढे हरले.

नियम असा : तिसऱ्यांदा स्थिती आपल्याच खेळीनं येणार असेल तर ती खेळी पटावर करायची नाही. स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं, पंचांना बोलवून सांगायचं की ही खेळी करून मी बरोबरीचा दावा करते. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं.

२२ डिसेंबर

आठवडाभर नवीन काही नाही. फक्त ई५ नंतरच्या तीन शाखा : १३. डी×ई५, १३. व सी२ आणि १३. उं बी३. पहिली जास्त घासली, कारण पांढरा एफ४ करून वजिराला हाकलतो आणि तिथे मला भीती वाटते.

२८–२९ डिसेंबर, स्पर्धा

सात रस्त्याजवळचा हॉल. प्रवेश फी ७००. सहा फेऱ्या, प्रत्येकी एक तास आणि दर खेळीला तीस सेकंद. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये बाहेर जायला वेळ मिळत नाही.

पहिल्या पाच फेऱ्यांत तीन गुण. काळ्या मोहऱ्या दोनदा आल्या. एकदा समोरून ई४ आलं, एकदा डी४ आणि मागोमाग उं एफ४. सात आठवडे जे घोटलं ते पटावर यायलाच तयार नव्हतं. शनिवारी रात्री मन फार खट्टू झालं होतं.

सहावी फेरी, काळ्या मोहऱ्या. समोर वीस-बावीस वर्षांचा मुलगा, माझ्यापेक्षा जवळजवळ तीनशेनं जास्त रेटिंग. "नमस्कार ताई" म्हणाला आणि डी४ खेळला. मग सी४.

बाराव्या खेळीपर्यंत वरचीच ओळ जशीच्या तशी. पुढे :

१३. डी×ई५ घो×ई५ १४. घो×ई५ व×ई५ १५. एफ४ व ई४ १६. व ई२ उं एफ५ १७. उं डी३ व डी५ १८. ई४ व डी४+ १९. व एफ२ व×एफ२+ २०. रा×एफ२ उं डी७

अठराव्या खेळीजवळ थांबते. त्यानं ई४ केलं आणि प्याद्याच्या दोन टोकांवर माझी दोन मोहरी आली, डी५वर वजीर आणि एफ५वर उंट. बाजूच्या पटावरचा मुलगाही वाकून बघायला लागला. पण ई३वरचं प्यादं पुढे सरकलं होतं आणि डी४पासून जी१पर्यंतचा तिरपा रस्ता मोकळा झाला होता. वजीर डी४ला, शह. उंट मारायला त्याला वेळच उरत नाही. हे घरी केलेलं होतं, तरी हात थंड पडला होता.

वजीर गेले आणि उंट डी७ला, घराच्या उंबऱ्यावर परत.

२१. ह डी१ ह एफडी८ २२. उं ई२

ही खेळी मला साधी वाटली. स्कोअरशीटवर लिहिली आणि ए५ करणार होते. मग वहीतल्यासारखा प्रश्न विचारला, हा उंट आत्ताच मागे का गेला? डी पट्टी उघडायला. पुढे ह सीडी३, दोन हत्ती एकामागे एक, आणि माझ्या डी७च्या उंटाला राखायला एकच हत्ती. उंट डी८च्या हत्तीसमोर अडकलेला. अकरा मिनिटं गेली. उपाय राजा.

२२... रा एफ८ २३. ह सीडी३ रा ई७ २४. रा ई३ उं ई६

आता उंट डी५-सी४-बी३ करत थेट ए२च्या प्याद्याकडे बघत होता. पण त्यानं २५. एफ५ केलं तर? उंटानं ए२ मारला की बी३ येतं आणि उंट कोपऱ्यात बंद. रेक्याविक, १९७२, जगज्जेतेपदाच्या लढतीचा पहिला डाव : बरोबरीच्या स्थितीत फिशरनं २९ व्या खेळीला उंटानं एच२चं प्यादं मारलं, जी३ आलं, उंट अडकला आणि डाव गेला. मी मनाशी ठरवलं की एफ५ आलं तर हत्ती बदलून उंट सी८ला परत. लाज नाही. एफ५ आलंच नाही.

२५. ह×डी८ ह×डी८ २६. ह×डी८ रा×डी८ २७. ए३ रा ई७ २८. रा डी४ बी६ २९. उं डी३ सी५+

इथे मी पाच सेकंद श्वास धरला होता. राजा पुढे ई५ला आला असता तर एफ६ आणि मात. एका प्याद्यानं, भर पटाच्या मध्यावर! डी५ आणि एफ५ माझ्या उंटाकडे, डी६ राजाकडे, डी४ सी५च्या प्याद्याकडे, ई४ आणि एफ४वर त्याचीच प्यादी. दीड महिना ज्या उंटाला कोंडलेला म्हणत होते तो दोन्ही बाजूंची दारं धरून उभा होता. मुलानं ई५कडे हात नेला, थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

३०. रा ई३ एफ६ ३१. एच४ एच६ ३२. जी३ ए५ ३३. उं बी५ रा डी६ ३४. उं डी३ रा ई७ ३५. उं बी५ रा डी६ ३६. उं डी३

ए५, बी६, सी५, एफ६, जी७, एच६. माझी सहाही प्यादी काळ्या घरांवर. त्याचा पांढऱ्या घरांचा उंट एकालाही हात लावू शकत नव्हता. ई५ ढकलून काही निघत नव्हतं, उलट एक प्यादं गेलं असतं. त्याच्याकडे चार मिनिटं, माझ्याकडे नऊ.

मी पटाला हात लावला नाही. स्कोअरशीटवर '३६... रा ई७' लिहिलं, घड्याळ थांबवलं, पंचांना बोलावलं. त्यांनी दोघांच्या शीट पाहिल्या. ३२ व्या, ३४ व्या आणि आता ३६ व्या खेळीनंतर तीच स्थिती. बरोबरी. साडेतीन गुण, बक्षीस नाही.

मुलगा बाहेर चहाला थांबला. म्हणाला, "ताई, बावीसला मला वाटलं तुम्ही ए५ कराल." मी म्हटलं, "करणारच होते."

३० डिसेंबर

अण्णांसमोर पूर्ण डाव मांडला. ते अठराव्या खेळीला हसले नाहीत, एकोणतिसाव्याला हसले. मग म्हणाले, "ए२ घे की. घाबरलीस काय?" तास-दीड तास दोघांनी घासलं आणि त्यांचं खरं निघालं. २५. एफ५ उं×ए२, मग सगळे हत्ती गेले आणि बी३ आलं तरी ए५ आणि ए४ असं प्यादं पळवून उंट सुटतो. फिशरनंही असंच एच प्यादं पळवलं होतं, पण त्याचा उंट सुटला नाही, माझा सुटतो. मी स्थिती न मोजता आठवणीवर निर्णय घेतला होता. मोबाईलवरच्या इंजिनालाही, म्हणजे डाव मोजणाऱ्या प्रोग्रॅमला, दाखवलं. वजीर गेल्यापासून ते पांढऱ्याला किंचित बरं म्हणतं, शेवटी बरोबरीचं.

खर्च : पट ५५०, घड्याळ १,१००, वही ६०, प्रिंट १३०, फी ७००, म्हणजे २,५४०. वाया गेलेला कोर्स धरला तर ४,०३९. १५ तारखेच्या स्पर्धेची फी भाच्यानं भरली, ती यात नाही. वाया गेलेल्या संध्याकाळी नऊ : पाठांतराच्या चार, सापळ्याच्या दोन, न खेळलेल्या तीन.

एक भोक अजून बुजलेलं नाही. सोळाव्या खेळीला व ई२ऐवजी उं बी३ आलं, मी उं एफ५ केलं, की व एच५ येतं. उंटावर नजर. जी६ केलं तर वजीर एच६ला येऊन राजाच्या शेजारीच बसतो आणि बी३चा उंट एफ७कडे रोखलेला. तिथून पुढे काळ्यानं काय करायचं हे मला येत नाही. ती स्थिती मांडून पट तसाच ठेवला आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत अण्णा घराबाहेर पडत नाहीत, तोवर रोज संध्याकाळी तेवढंच.